दुपट्ट्याखालचा भाव

मुलांनो,

तुमची आई फोनवर सांगत होती की आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा फोटो तुम्ही शाळेत नेलात आणि तुमच्या बाईंना मोठं नवल वाटलं. तुम्ही राहता त्या देशात तयार झालेली इतकी जुनी गाडी, आणि पाठीमागे कडुनिंब अन् वाळत घातलेली गोधडी! ही तिथे कशी पोचली, असं त्यांनी विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या. जिथे अकोल्याच्या काकू बोलतात तिथे त्यांच्यासारखं बोलून दाखवायला सांगा, तिला ते छान जमतं.

गाडी बोटीने मुंबईला उतरली, दिल्लीत कुठल्याशा वकिलातीत वापरली गेली, मग लिलावात निघाली आणि फिरत फिरत नागपूरच्या एका डॉक्टरांकडे आली, एवढं मी ऐकून आहे. तिथपर्यंतचं आबांना विचारा, ते न थांबता सांगतील. अकोल्याहून अमरावतीला ती कशी आली ते मात्र मी सांगायला हवं, कारण तो सौदा मी केला. आबांनी नाही.

आबांचे एक मित्र अकोल्याला होते, कापसाचे दलाल. तुमची आई त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही इथे काकाच लिहिते. आबा अमरावतीच्या तंत्रनिकेतनात शिकवत, त्यामुळे काका त्यांना आयुष्यभर 'मास्तर' म्हणाले. काकांना यंत्रातलं काही कळत नव्हतं. त्यांना कापूस कळायचा. चिमटीत धरून ओढला की धागा किती लांब आहे ते डोळे मिटून सांगायचे. पण लहानपणी कधीतरी एका गिरणीमालकाची जर्मन गाडी त्यांनी रस्त्यात थांबताना पाहिली होती आणि तिच्या दाराचा आवाज त्यांच्या कानात राहिला होता. त्या आवाजापायी त्यांनी डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. गोल दिव्यांची, चार दारांची, सायीच्या रंगाची, डिझेलवर चालणारी. खरं म्हणजे तेव्हा ती चालत नव्हतीच. ट्रकवर घालून आणली आणि सरकीच्या गोदामात उतरवली. हमालांनी विचारलं, "भाऊ, हे भंगार काहून आनलं?" तर काका म्हणाले, "भंगार नाई रे, पाहुना हाय. परदेशातला. हळू उतरवा."

मग दर रविवारी आबा एस.टी.ने अकोल्याला जायला लागले. गाडी काकांची, मेहनत आबांची. बूड इतकं सडलं होतं की पाय ठेवायच्या जागेतून खालची फरशी दिसायची. ते कापून नवा पत्रा वेल्डिंग केला. इंजिन खोललं, घासलं, पुन्हा बांधलं. दारांची रबरं, काचांची रबरं, मागच्या दिव्याची लाल काच... ती काच तुमच्या आईनेच आणली होती, सुटकेसमध्ये तुमच्या झबल्यांत गुंडाळून. विमानतळावरच्या माणसाने विचारलं, हे काय? तर ती म्हणाली, वडिलांचं औषध. यात वर्षं गेली. मी कधी विचारलं, "झाली का?" तर आबा म्हणत, "होत आली." होत आली, होत आली म्हणता म्हणता एका रविवारी आबा एस.टी.ने न येता त्या गाडीतून काकांसोबत आमच्या दारात उतरले. दार लावल्याचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. जड पुस्तक मिटल्यासारखा.

आता सीटचं सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

त्या काळच्या जर्मन गाड्यांच्या सीटमध्ये घोड्याचे केस आणि काथ्यासारखं काहीतरी रबरात बसवलेलं असायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यांनी त्याचा भुगा झाला होता. बसून उठलं की पँटला मागे भुसा. आबांना तसंच्या तसं सामान जर्मनीहून मागवायचं होतं. जुनी गाडी दुरुस्त करायची ती जशी कारखान्यातून निघाली तशीच, हा त्यांचा धर्म. काका म्हणाले, "मास्तर, आपुन राह्यतो कापसाच्या गावात, अन् बुडाखाली घोड्याचे केस मांगवतो? लोकं थुंकतीन तोंडावर." आबा नाही-नाही म्हणत असताना त्यांनी पिंजाऱ्याला बोलावलं. दुकानातला सगळ्यात चांगला, लांब धाग्याचा कापूस काढला. गोदामात दिवसभर पिंजण टणटणत राहिलं आणि संध्याकाळी त्या गाडीच्या सीटा गादीसारख्या भरून, टाके घालून तयार झाल्या.

त्यांच्यात बसलं की माणूस खाली खाली जायचा. काका बुटके, त्यांना स्टिअरिंगवरून रस्ता दिसेना. मग सीटवर आणखी एक उशी आली. दिवाळीआधी घरच्या गाद्या उसवून पिंजायला काढत तेव्हा गाडीच्याही सीटा उसवत. एका पावसाळ्यात मागच्या काचेतून पाणी झिरपलं. कापसात चुकून राहिलेली सरकी होती, तिला शिवणीतून कोंब आला, दोन फिकट पानं. काकांनी अख्खा बाजार बोलावून तो कोंब दाखवला. "पाहा! आमची गाडी कोरडवाहू नाई!" आबा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

आबांचं दुसरं काम तुम्हाला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. जुन्या जर्मन गाड्यांची किंमत सांगायला लोक त्यांना बोलावतात. नागपूर, इंदूर, खानदेशातूनसुद्धा. निवृत्तीनंतर मीही सोबत जाते. ते गाडी बघतात, मी सावलीत खुर्ची टाकून पुस्तक वाचते. निदान पुस्तक उघडं असतं. त्यांची रीत ठरलेली आहे. मालकाला त्याची अपेक्षा विचारायची नाही. आधी चारही दारं लावून ऐकायची. मग पॅडलचं रबर बघायचं, कारण मीटर खोटं बोलू शकतं, झिजलेलं रबर नाही. गालिचा उचलून ओलीचा वास घ्यायचा. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली. कारखान्याचं नसलेलं जे जे असेल त्याचे पैसे कापायचे, मग ते कितीही सुंदर का असेना. आणि भाव सांगेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा पोटात गेला की भाव मऊ होतो म्हणतात. कित्येक घरांत आमचे चहाचे कप निवून साय धरलेले मी पाहिले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. तुम्ही तेव्हा फोनवर आबांशी बोललात, ते त्यांना फार बरं वाटलं होतं.

दिवाळी झाली आणि अकोल्याहून काकूंचा फोन आला. मी त्यांना वहिनी म्हणते. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, तो आईला तिकडे नेणार होता. घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. गाडी पुण्याला नेऊन ठेवायला जागा नव्हती आणि अकोल्यात नुसती उभी राहिली तर पुन्हा सडणार. मुलाने पुण्याच्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दाखवली. माणूस सरळ होता, काही लपवलं नाही त्याने. त्याच्याकडे अशीच एक गाडी अर्धवट पडलेली होती, तिच्यासाठी त्याला ही हवी होती, सुटी करून. इंजिन, दारं, काचा, दिवे. उरलेलं तो भंगारात देणार. भाव त्याने चांगला सांगितला. आबा म्हणतात, जुन्या गाडीचं असंच असतं, अख्खी विकली तर एक किंमत आणि तुकडे करून विकली तर जास्त.

"पन त्यायनं म्हनून ठेवलं हाय," वहिनी काकांचं सांगत फोनवर म्हणाल्या, "गाडीची किंमत मास्तर सांगन. मास्तरनं सांगतल्याबिगर हलवाची नाई. भाऊजीले घेऊन या, ताई."

आम्ही आमच्या लहान गाडीने निघालो. रस्त्यात कापसाने भरलेले ट्रॅक्टर बाजाराकडे चालले होते, बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले होते. मूर्तिजापूर मागे पडलं.

"आपण घेऊ या का ती?" मी विचारलं.

"घ्यायला पैसे आहेत?"

"आहेत. पुण्याचा माणूस देतो तितकेही आहेत. मग फार उरणार नाहीत, पण आहेत."

"मग अडचण अशी आहे," आबा म्हणाले. ते वर्गात शिकवत तसं बोटांवर मोजून बोलायला लागले, म्हणजे त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. "खरा भाव सांगितला तर तो पुण्याच्या भावापेक्षा कमी आहे. मित्र गेल्यावर त्याच्या बायकोला मी कमी पैसे देऊन गाडी उचलली, असं होईल. पुण्याच्या भावाने घेतली तर तिला कळेल की मास्तरने दया केली. ती बाई दयेचं घेणार नाही, दार लावून घेईल. आणि काहीच बोललो नाही तर आठ दिवसांत गाडीचे तुकडे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि सीट. सीटचे पैसे मी कापायचे? तो बसलाय ना अजून त्या सीटवर."

मी पाण्याची बाटली पुढे केली. दुसरं काय करणार?

वहिनींच्या अंगणात गाडी धुऊन पुसून उभी होती. मुलगा समोर आला, आबांच्या पाया पडला. आबांनी गाडीला एक फेरी मारली. मला वाटलं आता दारं लावून बघतील. त्यांनी एकाच दाराला हात लावला, ते अर्धवट उघडलं आणि तसंच सोडून घरात आले. वहिनींनी चहा ठेवला. आबांनी कप उचलला आणि प्यायला सुरुवात केली.

मी वहिनींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आबांची रीत त्यांनाही ठाऊक होती.

"मास्तरकाका, तुम्ही सांगा फक्त," मुलगा म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं. त्या माणसाला मी आज कळवतो म्हटलंय."

आबांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "इंजिन उत्तम आहे," म्हणाले आणि थांबले.

"इंजिन तुमीच बांधलं, उत्तम नसन तं काय असन," वहिनी म्हणाल्या. "भाव सांगा."

"सांगतो."

"मंग काहून सांगून नाई राहिले?"

आबांनी चष्मा पुन्हा काढला. वहिनींनी ते पाहिलं. मग उठल्या, आतल्या खोलीतून एक धुतलेला दुपट्टा घेऊन आल्या. काका बाजारात जाताना खांद्यावर टाकत तो, पांढरा, तांबड्या काठाचा.

"तोंडानं येत नसन तं बोटानं सांगा," त्या म्हणाल्या.

वहिनींचं माहेर शेंदूरजनाघाटचं, वडील संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या लहानपणी बागेचा सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि देणारा हातात हात देत, वर दुपट्टा टाकत आणि बोटं दाबून भाव सांगत. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच, पुढचे आकडे तळहातावर. बघणाऱ्यांना नुसतं कापड हललेलं दिसे. आता बाजारात सगळं उघड्यावर बोली लावून करावं लागतं, ते बरंच आहे. पण वडिलांच्या मांडीशी बसून वहिनी ते शिकल्या होत्या.

"माहा बाप म्हने," त्या म्हणाल्या, "तोंडानं बोललेला भाव दोघाच्या मनात बसून राह्यते. बोटाचा भाव दुपट्ट्यासंग झटकला जाते. या भाऊजी."

आबांचा हात अर्धा पुढे झाला आणि परत गेला. त्यांचे कान लाल झाले. मित्राच्या बायकोचा हात हातात घेऊन बसायचं, तेही तिच्या मुलासमोर!

"तुमी नाई हो, बाप्पा!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "मले काय कळत नाई? तुमी तिकडं सरका. ताई, या इकडं. इतके सालं याह्यच्या संगं गाड्या पाहत फिरता, काही तं शिकल्या असान."

"अहो वहिनी, मी तर सावलीत पुस्तक वाचत बसते."

"पान उलटवता का?"

यावर मुलगा इतक्या जोरात हसला की मला उठावंच लागलं.

त्यांनी मला आधी शिकवलं. दुपट्ट्याखाली माझी बोटं दाबून विचारायच्या, "हे किती?" मी सांगायची. एकदोनदा चुकले. मग म्हणाल्या, "जमलं. इंग्रजी शिकलेल्या बाईले बी येते म्हनजे काही कठीन नाई. आता आयका. खाली बोटं बोलतीन, वर तोंडानं दुसरंच बोलाचं. गप बसलं का पाहनाऱ्याले चेहऱ्यावून भाव समजते."

त्यांचा हात गार होता आणि माझ्यापेक्षा लहान.

"पुन्यात याचं घर अकराव्या माळ्यावर हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. खाली त्यांच्या बोटांनी मला टोचलं, सांगा.

"हो का? वारा चांगला असेल."

"वारा हाय, पन वाळवन कुठं घालाचं?"

"बाल्कनी असेल की."

"बाल्कनीत कबुतरं हायेत."

मी पुण्याच्या माणसाचा भाव दाबला, जसाच्या तसा. मनात म्हटलं, गाडी वाचेल, यांचं नुकसान होणार नाही, आणि दयेचं काय ते पुढे बघू.

वहिनींनी हात झटकलाच. "अकरावा माळा!" त्या ओरडल्या. "इतक्या वर कोनी चढते का?" मग मान खाली घालून हळूच, मला ऐकू येईल इतकंच, म्हणाल्या, "हा पुन्याचा भाव झाला, ताई. तो तं मले फोनवर माईत झाला. मले मास्तरचा पायजे."

तेव्हा मला त्यांचं कळलं. त्यांना पैसे वाढवून नको होते. काकांनी ज्या गाडीत एवढे रविवार घातले ती खरोखर काय होती, हे त्यांना त्याच्याकडून हवं होतं ज्याच्या शब्दावर काकांनी विश्वास ठेवला होता. आणि तो माणूस पलीकडे बसून रिकाम्या कपाच्या तळाशी बघत होता.

मी डोळे मिटले आणि आबांच्या मागून मनातच गाडीला फेरी मारली. दारं ऐकली. दारं चांगली. पॅडल, मीटर, ठीक. बूड नवं, पण ते कुणी केलं हे मला माहीत होतं, त्याचे थोडेच कापले. रंग दुसऱ्यांदा दिलेला, त्याचे कापले. काचा सगळ्या कारखान्याच्या. मागचा लाल दिवा अस्सल. इंजिनाचे भरपूर धरले. मग सीटपाशी आले.

"कुरड्या यंदा आमच्याकडेच करू," मी वरती काहीतरी म्हणाले. "गच्ची मोठी आहे आमची."

"गहू मी घेऊन येईन," वहिनी म्हणाल्या.

सीटचे नाही कापले, तर तो आबांचा भाव नव्हे, आणि वहिनी ते ओळखतील. कापले, तर त्या गोदामातलं पिंजण, ते हसणं, तो कोंब, सगळं खोटं ठरवल्यासारखं होईल. आबांना या एका बोटाने अडवलं होतं. ते आता माझ्या हातात आलं होतं.

मी कापले. आणि उरला तो आकडा एकेक करून त्यांच्या बोटांवर दाबला.

वहिनींची बोटं थांबली. वरचं बोलणंही थांबलं, म्हणजे नियम मोडला. मुलाने मोबाइलवरून मान वर केली.

"सीटचे कापले?" वहिनींनी उघड विचारलं.

"कापले," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्यादेखत कुणाला तरी मारलं होतं.

"बरं केलं," वहिनी म्हणाल्या. "नसते कापले तं मी गाडी देल्ली नसती. त्यायले माईतच होतं. म्हनत, माह्या गाडीले मास्तर एक दिवस भाव लावन, अन् पयले सीटचे पैसे कापन. जेवता जेवता म्हनत अन् एकटेच हासत." मग दुपट्ट्याखाली त्यांचा अंगठा हलला. माझ्या आकड्यावर त्यांनी एक बोट वाढवून दाबलं, घट्ट.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"कापसाचं."

"वहिनी..."

"सीटचे तुमी कापले, ते बरोबर. पन कापूस आमच्या दुकानचा हाय. लांब धाग्याचा. तो काय फुकट देऊ? दलालाच्या घरची हाय मी."

कापसाचा भाव ठरवण्यात त्या घरासमोर माझं काय चालणार होतं! मी त्यांचं मनगट दाबलं. झालं, असं सांगायची ती खूण.

"आई, पुण्यापेक्षा कमी झालं का?" मुलाने विचारलं.

"झालं असन."

"किती?"

"दुपट्ट्याले इचार."

"अगं, पण..."

"गाडी कोनाच्या नावावर हाय?"

"तुझ्या."

"मंग झालं. त्या पुन्याच्या मानसाले फोन लाव, अन् म्हनाव, पोरगी घरातच देल्ली. चांगला मानूस हाय, नीट सांग त्याले."

मुलगा बघत राहिला, मग हसून फोन घेऊन बाहेर गेला. जाता जाता गाडीच्या टपावरून हात फिरवलेला मी खिडकीतून पाहिला. पैशाचं त्याने नंतरही पुन्हा विचारलं नाही.

"किती?" आता आबांनी विचारलं. शेवटी पैसे द्यायचे होते त्यांना.

मी तोंड उघडलं, तर वहिनी अंगावर आल्या. "तोंडानं नाई! आता कुठं जमून आलं अन् बिघडवून ठेवता." त्यांनी मला उठवून आबांच्या शेजारी बसवलं आणि दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

तुमच्या आबांचा आणि माझा संसार जुन्या चालीचा. तुम्ही तिकडे आजीआजोबांना बागेत हात धरून चालताना बघता, तसं आमच्यात नाही. लग्नात हात धरला तो, आणि नंतर रस्ता ओलांडताना, तोही मनगटाशी. त्यामुळे लोकांसमोर त्यांचा हात माझ्या हातात आला तेव्हा मला क्षणभर आकडाच आठवेना. तळहात खरखरीत, एका नखाखाली ग्रीसची रेघ, ती काही केल्या जात नाही.

मग मी एकेक बोट दाबत गेले. ते मान हलवत होते. त्यांचं मनातल्या मनात गणित चाललेलं मला कळत होतं, आणि तेच गणित होतं, हेही. शेवटी मी थांबले आणि म्हणाले, "आणि हे एक, कापसाचं." ते बोट दाबलं.

आबांनी मान खाली घातली. ते हसत होते की आणखी काही, मला दिसलं नाही. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही. मीही नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. वहिनी कप गोळा करून आत जाऊन आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "सौदा झाला. आता तं सोडा. पोरगा येऊन राहिला."

भाव किती ठरला ते मी इथे लिहिणार नाही, तुमच्या आईलाही सांगितलेला नाही. वहिनींनी दुपट्टा अंगणात नेऊन झटकला, तिथेच तो संपला.

जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. आबा मोठी गाडी चालवणार, मुलगा आमची लहान गाडी घेऊन मागून येणार, असं ठरलं. इतक्यात वहिनी पिशवी घेऊन, चपला घालून दारात उभ्या.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"पोरगी सासरी पाठवतो तं पाठराखीन नाई का पायजे? चार दिवस राहीन अन् येईन."

मागचं दार उघडून त्या आत बसल्या आणि कापसात बुडाल्या. आरशात नुसता त्यांचा अंबाडा दिसत होता. ही गाडी चावी फिरवली की लगेच सुरू होत नाही, आतले प्लग तापेपर्यंत थांबावं लागतं. आबा थांबले. मग इंजिन लागलं, आणि अंगणभर तो जाड, संथ आवाज झाला.

आबांनी रस्ताभर घाई केली नाही. खड्डा दिसला की दुरूनच वेग कमी करत. मूर्तिजापूरपर्यंत वहिनी मला पुण्याच्या कबुतरांबद्दल सांगत होत्या, मग आवाज बारीक होत गेला, आणि बडनेऱ्याच्या अलीकडे मी मागे वळून पाहिलं तर त्या दाराला डोकं टेकवून झोपल्या होत्या. काका गेल्यापासून बाईला धड झोप नाही, असं मुलगा मला निघताना म्हणाला होता.

आमच्या दारात गाडी उभी राहिली. मी उतरायला लागले तर आबांनी खुणेने थांबवलं. त्यांनी इंजिन बंद केलं नव्हतं.

"राहू दे जरा चालू," ते हळू म्हणाले. "बंद केलं की त्या जाग्या होतील."